कोपऱ्यातली खोली चौथीची

मी गोष्टी लिहिणारा माणूस नाही. छोटा ट्रक चालवतो. लोकांनी घर बदललं की त्यांचं सामान इकडून तिकडे नेतो.

खोटं लिहून मला काही मिळणार नाही. उलट ओळखीचे लोक हसतील. हसू देत.

जे घडलं त्याला माझ्याशिवाय तिघी साक्षीदार आहेत. तिघी जिवंत आहेत, तिघी शिकतायत. त्यांतली एक माझी मुलगी.

दिवस रविवारचा. वेळ भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन, खाली रस्त्यावर पोरं सायकली फिरवतायत... अशा वेळी घडलेली ही गोष्ट आहे. भुतं रात्रीची येतात म्हणे.

ही दिवसा यायची.

झोपायला.

आधीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर कळणार नाही.

माझी बायको हिवाळ्यात गेली. छातीचं दुखणं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही, लिहिता येत नाही. उन्हाळा सरला आणि मुलीला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला. इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण. मी तिला माऊ म्हणतो. कागदावर नाव मोठं आहे, पण घरात ते कोणी कधी वापरलं नाही.

तिथे तिला दोन मुली भेटल्या. एक वकिली शिकणारी. उंच, चष्मा, बोलायला लागली की समोरच्याने हात टेकावेत. तिला सगळे वकील म्हणायचे. दुसरी नर्सिंगला होती, तिचं नाव पडलं सिस्टर. माऊच्या वर्गातली आणखी एक होती. अशा चौघींनी मिळून एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालकीणबाई एकटी राहायची.

सामान घेऊन मीच गेलो होतो. आणि त्याच सकाळी त्या चौथ्या मुलीचा निरोप आला, मी येत नाही. तिच्या घरच्यांनी तिला मावशीकडे ठेवायचं ठरवलं होतं.

पंचाईत झाली. मालकीणबाईची अट होती, चार मुली म्हणजे चार. एक जरी कमी असली तरी रिकाम्या खोलीत ती स्वतःची नणंद आणून ठेवणार होती.

"ती नणंद मी पाहिलीये," सिस्टर म्हणाली. "ती आली तर मी जिन्यातूनच परत जाईन."

पण हे बाजूलाच राहिलं. कारण तोवर खोल्यांवरून जुंपली होती.

वर चार खोल्या होत्या. तीन अरुंद, पॅसेजला लागून. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. चौथी कोपऱ्यात. ऐसपैस, दोन बाजूंना खिडक्या, भिंतीतलं कपाट.

तिघींना तीच हवी.

"घर मी शोधलं. दलालाच्या मागे मी फिरले," वकील म्हणाली. "सरळ आहे, खोली माझी."

"फिरलीस म्हणजे उपकार केलेस का? मला ड्युटी असते. मला दिवसा शांत झोप हवी."

"माझं टेबल दुसऱ्या कुठल्याच खोलीत मावत नाही," माऊ म्हणाली.

"मग टेबल घरी ठेवून यायचं."

"तू तोंड घरी ठेवून आलीस का?"

माऊच्या तोंडात तिच्या आईची जीभ आहे. मी जिन्यात ते टेबल खांद्यावर घेऊन उभा. म्हटलं, "अगं, ठरलं की सांगा. माझी पाठ चाललीये."

"काका, तुम्हीच सांगा, न्याय काय ते!"

"चिठ्ठ्या टाका."

"चिठ्ठ्या लिहिणार कोण?" वकिलीने लगेच विचारलं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता. ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि ही अवस्था.

शेवटी तोडगाही वकिलीनेच काढला.

"ऐका. चौथी येणार आहे, असंच आपण खाली सांगायचं. ती रात्रपाळीला असते, फोनवर बोलायचं काम करते, दिवसभर झोपते. म्हणजे बाईला ती दिसायचा प्रश्न नाही. आणि कोपऱ्यातली खोली तिची. तुझी नाही, माझी नाही, हिची नाही. भाडं तिघींत. आहे कबूल?"

सिस्टरने वकिलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला मिळणार नसेल तर मला चालेल."

माऊही हो म्हणाली.

मला हसू आलं होतं. आपल्याला मिळालं नाही याचं दुःख थोडं, दुसरीला मिळालं नाही याचं समाधान मोठं. अख्ख्या घरातली एकुलती चांगली खोली त्यांनी नसलेल्या माणसाला देऊन टाकली.

पण मालकीणबाई कच्ची नव्हती. जिना रोज स्वतः झाडायची. दारातल्या चपला मोजणार, दोरीवरचे कपडे बघणार. तेव्हा चौथीच्या चपला हव्यात. चौथीचे कपडे हवेत.

माऊ खाली ट्रकपाशी आली. हळूच म्हणाली, "बाबा... आईचं बोचकं अजून गाडीतच आहे ना?"

होतं. कोणाला तरी देऊन टाकायचं म्हणून मी ते गाडीत ठेवलं होतं आणि कोणालाच देववत नव्हतं. राखाडी स्वेटर, गाऊन, निळ्या पट्ट्याच्या चपला. मी म्हटलं, ने. तुझ्याजवळ राहील.

तिने चपला दारात ठेवल्या, स्वेटर दोरीवर टाकला. कोपऱ्यातल्या खोलीत पलंग, गादी, चादर. पडदे ओढलेले.

चौथीची खोली तयार झाली.

माऊ रोज संध्याकाळी फोन करायची. सुरुवातीला हसत सांगायची. घरात काही झालं की चौथीवर ढकलायचं, असा त्यांचा रिवाजच पडला होता.

दूध संपलं? चौथीने प्यायलं.

बेसिनमध्ये केस? चौथीचे.

सिस्टरचा महागाचा साबण झिजला? "चौथीला विचार जा, मी काय पहारा देते का?"

मालकीणबाईने एकदा विचारलं, तुमची ती काम कुठे करते? वकील म्हणाली बँकेच्या फोनवर, सिस्टर म्हणाली विमानाच्या तिकिटांच्या. मग वर येऊन दोघींची कडाक्याची झाली, खोटं बोलताना आधी विचारायचं नाही का म्हणून.

हळूहळू फोनवरचं हसू कमी झालं.

फ्रिजच्या फळ्यांवर पट्ट्या लागल्या, ही तुझी, ही माझी. मिठाच्या बरण्या तीन झाल्या. पॅसेजमधला बल्ब वकिलीने आणला होता. भांडण झालं की ती तो काढून आपल्या खोलीत न्यायची आणि बाकी दोघी अंधारात चाचपडायच्या.

आणि मग एका सकाळी...

चौथीच्या चपला ओल्या होत्या.

बाहेर पाऊस नव्हता. पण तळव्याला चिखल होता. ताजा.

"तू घातल्यास," सिस्टर माऊला म्हणाली.

"माझ्या आईच्या चपला मी घालेन का?"

"मग हिने घातल्या."

"माझा पाय त्यात मावतो का? डोळे फुटलेत?"

कोणीच कबूल झालं नाही. मला वाटलं, पोरींचा पोरकटपणा. म्हटलं, धुऊन टाक आणि अभ्यासाला बस.

मग कोपऱ्यातल्या खोलीची चादर विस्कटलेली मिळायला लागली. रोज सकाळी नीट, दुपारनंतर विस्कटलेली. उशीला खळगा. एकदा माऊने गादीवर हात ठेवला...

गादी गरम होती.

तिघींचं एकच मत. दुसऱ्या दोघींपैकी कोणीतरी करार मोडून चोरून तिथे झोपतंय. वकील म्हणाली, कुलूप लावू. सिस्टर म्हणाली, किल्ली कोणाकडे? पुन्हा तेच. कुलूप लागलंच नाही.

त्यानंतर आवाज आले.

सिस्टर रात्रीची ड्युटी करून दिवसा झोपायची. तिची खोली कोपऱ्यातल्या खोलीला लागून. एक दिवस ती तरातरा बाहेर आली आणि वकिलीच्या अंगावरच गेली. "माझ्या अंगाला दवाखान्याचा वास मारतो काय? भिंतीआड बसून कुजबुजता? तोंडावर बोल ना!"

वकील म्हणाली, मी सकाळपासून कॉलेजात होते, आत्ता येतेय. खरंच तिच्या खांद्यावर बॅग होती. सिस्टरने ऐकलं नाही. तिने वकिलीचा कप भिंतीवर फोडला.

दोन दिवसांनी माऊचा फोन आला. अवेळी. दुपारीच.

"बाबा, मी सिस्टरला मारलं."

"काय?"

"थोबाडीत मारली. ती... ती आईबद्दल बोलत होती. त्या खोलीतून मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणत होती, आई मेल्याचं भांडवल करून हिला खोली लाटायचीये." माऊ रडत होती. "मी धावत आत गेले. बाबा, खोलीत कोणीच नव्हतं. आणि सिस्टर मागून आली... बाथरूममधून. ओल्या केसांनी. तरी मी मारली."

मी म्हटलं, रविवारी येतो. सामान बांधून ठेव. परीक्षा गेली खड्ड्यात.

"नाही हं," ती म्हणाली. "मी का जाऊ? त्यांनी जावं."

हट्ट. हाही आईचाच.

रविवारी मी गाडी घेऊन निघालो. मनात एवढंच होतं की पोरीला तिथून धड बाहेर काढायचं. उचलून न्यावं लागलं तरी चालेल.

पोचलो तेव्हा मालकीणबाई जिना पुसत होती. मला बघताच तिने फडकं बादलीत आपटलं.

"तुम्हीच का नकाशेवालीचे वडील? बरं झालं आलात. या तिघींना आवरा. भांडणं ऐकून माझं डोकं उठलंय. त्या चौथीकडून शिका म्हणावं काहीतरी."

मला वाटलं, नाटक पुढे चालवायला हवं. म्हटलं, "हो, ती बिचारी शांत आहे."

"शांत म्हणजे? तीच काय ती माणसात आहे. रोज सकाळी जिन्यात भेटते."

मी वर, दाराकडे पाहिलं.

"मान खाली घालून येते. एवढ्या उन्हात तो राखाडी स्वेटर. मी विचारलं, बाई, बरं नाही का? तर म्हणाली, झोप होत नाही. तिघी झोपू देत नाहीत. काही झालं की माझ्या नावावर खपवतात." मालकीणबाई जवळ आली. "खरं सांगू? तिला जरा राग आहे. म्हणाली, खोल्या चार आहेत, मला चारही पुरतील. एकेकीला काढते."

"दिसायला कशी आहे?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"दिसायला... आता कसं सांगू. शिकणाऱ्या मुलीच्या मानाने वय जास्त वाटतं. चाळिशीची तरी असेल. खोकते फार."

मला भीती वाटायला हवी होती.

मला भीती वाटली नाही. मी जिना धावत चढलो. छाती धडधडत होती, पण ती भीतीने नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याला कळेल.

वर दार उघडंच होतं. दारात निळ्या पट्ट्याच्या चपला.

ओल्या.

आत रणधुमाळी. सिस्टरचं सगळं सामान पॅसेजमध्ये पडलेलं. गादी, पुस्तकं, ड्युटीचे बूट. कोणी फेकलेलं वाटत नव्हतं. ओळीने लावलेलं होतं. कपड्यांच्या घड्यासुद्धा घातलेल्या.

"काका, बघा! बघा तुमच्या मुलीचे प्रताप!"

"मी हात लावलेला नाही!"

"मग वकिलीने लावला! दोघी एक झाल्या आहात!"

"हिच्याशी एक होण्यापेक्षा मी जिन्यात झोपेन," वकील म्हणाली.

मी ओरडलो. "बसा! तिघी बसा. इथे, माझ्यासमोर."

बसल्या. हॉलमध्ये एक बाकडं होतं, त्यावर तिघी. मधे हातभर अंतर सोडून. तिघींनी हातांच्या घड्या घातलेल्या.

मी बोलायला तोंड उघडलं.

आणि पॅसेजच्या टोकाला...

कडी लागल्याचा आवाज आला.

आतून.

मग पलंग करकरला. कोणीतरी कूस बदलावी तसा.

तिघी माझ्यासमोर होत्या.

पुन्हा एकदा लिहितो. तिघी माझ्यासमोर होत्या, भर उन्हात, आणि कोपऱ्यातल्या खोलीत कोणीतरी कूस बदलली.

"चोर असेल," वकील पुटपुटली. "तूच कोणाला तरी आणलं असशील," सिस्टर म्हणाली. अशा वेळीही त्यांना एकमेकींशिवाय दुसरा शत्रू सुचत नव्हता.

मग आतून आवाज आला. मुलीचा. मोठा, ठसठशीत.

"आधी सिस्टरला घालवू. मग त्या नकाशेवालीचं बघू. खोली आपोआप माझी."

आवाज वकिलीचा होता.

वकील माझ्यासमोर बसली होती. तोंड मिटलेलं. चेहरा चुन्यासारखा झालेला.

"मी नाही... मी बोलले नाही आत्ता."

"आत्ता नाही," सिस्टर हळू म्हणाली. "पण कधीतरी बोलली होतीस?"

वकिलीने मान खाली घातली. दिवसभर वाद घालणारी पोरगी, एक शब्द नाही. मग म्हणाली, "बाथरूममध्ये. नळ सोडून. भावाशी फोनवर."

आतून दुसरा आवाज आला. हा सिस्टरचा. आई मेल्याचं भांडवल... तेच वाक्य. शेवटपर्यंत.

सिस्टर रडायला लागली. "माऊ, मी फक्त माझ्या बहिणीला म्हटलं होतं गं. एकदाच. रागात."

मग तिसरा आवाज.

तो माझ्या माऊचा होता. "दोघी मेल्या ना, तरी मी ढुंकून बघणार नाही."

माऊने डोळे मिटून घेतले. नाही म्हणाली नाही.

मला तेव्हा समजलं. आत जे काही होतं ते खोटं बोलत नव्हतं. या तिघींनी दाराआड जे ओकलं होतं, तेवढंच ते परत देत होतं. शब्दाला शब्द.

मग आत शांतता झाली.

कोणीतरी खोकलं.

कोरडा खोकला, दोनदा, मग थांबून एकदा. हा खोकला मी कित्येक महिने शेजारी झोपून ऐकला आहे. हजार माणसांत ओळखेन.

"आई..." माऊ म्हणाली.

मी उठलो. पॅसेजमध्ये गेलो. सिस्टरच्या सामानातून वाट काढत. मागून माऊ आली, तिने माझा शर्ट धरला होता.

कडी सरकली. दार हातभर उघडलं.

आत पडद्यांमुळे काळोख. पलंगाची कड दिसत होती. चादरीवर राखाडी बाही. बाहीच्या पुढे हात होता की नव्हता... मला सांगता येणार नाही. मी बाहीकडेच बघत होतो.

आणि तिने मला हाक मारली.

माझी बायको चारचौघांत मला अहो म्हणायची, सगळ्यांच्या बायका म्हणतात तसं. पण दोघंच असलो की तिचं माझ्यासाठी एक वेगळं नाव होतं. चिडवायचं नाव. ते तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मुलीलाही नाही. ते मी इथे लिहिणार नाही.

त्या नावाने हाक आली.

तिच्या आवाजात.

मी पाऊल उचललं. खरं लिहायचं तर उचललंच. माऊ शर्ट ओढत होती. "बाबा, नका. बाबा, नका ना."

मग आतून ती म्हणाली...

"पोरीला बाहेर काढा. तुम्ही आत या."

मी जागच्या जागी थिजलो.

या बाईने पोरीसाठी रात्रीचा दिवस केला. स्वतःची औषधं चुकवली, पण तिच्या क्लासची वेळ चुकवली नाही. ती म्हणेल, पोरीला बाहेर काढा? मालकीणबाईचं बोलणं डोक्यात घणासारखं वाजलं. एकेकीला काढते.

ही ती नाही. आवाज तिचा आहे, पण ही ती नाही.

"नाही," मी म्हणालो. "मुलगी माझ्याबरोबर चाललीये. मीही येणार नाही."



मग दार इतक्या जोरात आपटलं की चौकटीचा गिलावा खाली आला. आणि आत तिघींचे आवाज एकदम सुरू झाले. वकील, सिस्टर, माऊ. एकमेकींना शिव्या, शाप, जे तोंडाला येईल ते. आवाज चढत चालला. त्या गोंगाटात मधूनच तो खोकला.

मी पोरींना ओढत जिन्याकडे नेलं. सामानाला हात लावला नाही. तिघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. त्या घरात पहिल्यांदाच.

जिन्याच्या तळाशी मालकीणबाई उभी होती. तिने आम्हाला बघितलं. मग आमच्या मागे, वर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तिला का रडवून चाललात?"

मी मागे पाहिलं नाही. तिघींना गाडीत बसवलं आणि निघालो.

आता माऊ आमच्या शहरातून शिकते. वकील आणि सिस्टर वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. माऊ सांगते, त्या दोघी कधीकधी फोनवर बोलतात, पण जपून. शब्द मोजून.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

मालकीणबाईचे फोन येतात. वरचा मजला तिने भाड्याने द्यायचा प्रयत्न केला. कोणी टिकत नाही. मागच्या आठवड्यात म्हणाली, "तुमची चौथी अजून वरच आहे. दार उघडत नाही, जेवत नाही. खोकते आणि कोणाला तरी हाका मारते. तुम्ही सामान नेण्याचं काम करता ना? मग हिला कधी नेताय?"

"ती आमची कोणी नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

माऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मग खाली बसली, भिंतीला टेकून.

"बाबा, एक सांगायचं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही."

"काय?"

"आई गेली त्या दिवशी तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. तेव्हा तिला एकदम धाप लागली. मी घाबरून ओरडायला लागले. ती दाराकडे बघत होती. तुम्ही तिथे नव्हता, पण ती तुमच्याशीच बोलत होती. तुम्हाला एका नावाने हाक मारली. ते नाव मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मग म्हणाली, पोरीला बाहेर काढा. तुम्ही आत या. मी ते बघू नये म्हणून म्हणत होती, बाबा. माझं ओरडणं ऐकून शेजारच्या बाई आल्या, त्यांनी मला बाहेर नेलं. तुम्ही यायच्या आत ती गेली."

मी विचारलं, "तू हे त्या घरात कोणाला बोललीस? त्या दोघींना? झोपेत? फोनवर?"

"कोणालाच नाही. आज पहिल्यांदा तोंडातून काढतेय."

त्या दोघींची वाक्यं त्या घरात बोलली गेली होती. माऊचंही. हे वाक्य त्या घरात कोणी बोललं नव्हतं.

मग ते तिथे आलं कुठून?

शिकलेल्या लोकांना विचारलं. ते म्हणतात, तुम्हाला भास झाला. तिघींना आणि मालकीणबाईलाही एकच भास झाला का, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. माऊ म्हणते, ती आई नव्हती, आईने वकिलीचे आणि सिस्टरचे आवाज काढले नसते, कोणाचं सामान बाहेर टाकलं नसतं. बरोबर आहे तिचं. मीही दिवसा स्वतःला हेच सांगतो.

पण दोनदा तिने मला आत बोलावलं. एकदा मी तिथे नव्हतो. एकदा तिथे असून नाही म्हणालो.

ती ती नसेल, तर काही बिघडलं नाही.

आणि असेल तर?

काल मालकीणबाईचा पुन्हा फोन आला. मी उचलला, ऐकला, आणि या वेळी आमची कोणी नाही असं म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही. माऊ बघत होती.

आज सकाळपासून ट्रकची किल्ली जागेवर नाही. माऊने लपवली आहे. ती विचारत नाही, मीही विचारत नाही.

कुठे लपवली आहे ते मला माहीत आहे.

अजून तरी काढलेली नाही.